मृणालताईच्या सात वह्या

हे लिहावं की लिहू नये यात माझे दोन महिने गेले. स्वतःबद्दल लिहिणाऱ्या माणसाने काहीतरी केलेलं असावं, निदान काहीतरी सोसलेलं असावं, असं मला वाटतं. माझ्या बाबतीत दोन्ही नाही. मी एका बाईंच्या वह्या नीट लावून दिल्या, एवढंच, आणि त्याही पहिल्यांदा चुकीच्या लावल्या. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. छापलेल्या पुस्तकाला चुकून पाय लागला तर आमच्याकडे अजून नमस्कार करतात. अशा घरातल्या मुलाने आपलंच प्रकरण लिहायला बसावं, हा आगाऊपणा आहे हे मला कळतं. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी जे पाहिलं ते माझ्याहून खूप मोठं होतं, आणि ते कुठेतरी लिहून ठेवलेलं असावं असं मला मनापासून वाटतं.

आमचं घर उमेळ्यात, विरारच्या अलीकडे. घरामागे केळी, बांधाला सोनचाफ्याची झाडं, आणि मधल्या पट्ट्यात बाबा जे काही लावतील ते, कधी भेंडी, कधी दुधी. शेजारची वाडी विकली गेली आणि तिथे सात मजली इमारत उभी राहिली, तेव्हापासून दुपारी तीननंतर आमच्या केळींवर तिची सावली पडते. बाबा त्या सावलीबद्दल कधी बोलले नाहीत, फक्त हळूहळू सगळी भाजी त्यांनी दुसऱ्या बाजूला सरकवली. घरात सकाळी पहिला आवाज विहिरीवरच्या पंपाचा, दुसरा आईच्या तांदळाच्या भाकरीचा. भाकरी थापताना तिच्या बांगड्या परातीला लागतात, तो आवाज ऐकला की मला आजही भूक लागते. त्या दिवसांत वास म्हणाल तर तव्यावर परतलेल्या सुक्या जवळ्याचा आणि त्याच खोलीत, ओल्या फडक्याखाली ठेवलेल्या चाफ्याच्या कळ्यांचा. हे दोन वास एकत्र येत नाहीत असं मला शहरातल्या मित्रांनी सांगितलं. आमच्याकडे यायचे.

मृणालताई मला बारावीला क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. विरारला आईबरोबर फ्लॅटमध्ये राहायची, वय असेल तिशीच्या आसपास, आणि बोलायला लागली की मागच्या बाकावरची मुलंही मोबाइल खाली ठेवायची. निकाल लागल्यावर मी पेढे घेऊन गेलो तेव्हा तिने विचारलं, “रविवारी दुपारी काय करतोस?” मी म्हटलं, काही नाही. “मग ये. आमचा एक खेळ असतो, कॉलवर. तू वर्गात एक अक्षर बोलायचा नाहीस, पण ऐकायचास सगळं. मला ऐकणारा माणूस हवाय.”

तो खेळ काय, हे मी आईला सांगताना जसं सांगितलं तसंच इथे सांगतो. चार-पाच जण आपापल्या घरून फोनवर किंवा लॅपटॉपवर एकत्र येतात. त्यातला एक जण सूत्रधार. तो म्हणजे सगळं जग: तोच पाऊस, तोच राजा, तोच वाटेत भेटलेला कुत्रा. बाकीचे प्रत्येकी एकेक माणूस होतात आणि त्या जगात काय करायचं ते बोलून सांगतात. जमेल की नाही अशी शंका असली तर फासे टाकतात. जिंकणं-हरणं नाही. गोष्ट पुढे जाते, कधीकधी वर्षानुवर्षं. आई म्हणाली, “म्हंजे नाटकच, पन लिवलेलं नाय.” याहून चांगलं मला आजपर्यंत सांगता आलेलं नाही.

मृणालताईच्या जगाचं नाव खारा मुलुख. लहान लहान बेटं, त्यांच्यात धुकं, आणि मधोमध एक दीपस्तंभ, ज्याचा दिवा कुणीतरी पुन्हा पुन्हा विझवतं. तो कोण विझवतं हे शोधायचं, म्हणून खेळ सुरू झाला होता. मी गेलो तेव्हा त्याला दोन वर्षं झाली होती. खेळणारे चौघे. त्यातले दोघे पुण्याचे, नवरा-बायको, ते एकाच माइकवरून भांडत खेळायचे. ओंकार विरारचाच, बँकेत नोकरीला, सगळ्या खेळाची टिपणं ठेवणारा आणि प्रत्येक वाक्यात खोट काढणारा. आणि जेनेट. ती इकडच्याच वटार गावची, नर्स, आखातातल्या एका इस्पितळात नोकरीला होती आणि तिथून, ड्यूटी संपवून, कॉलवर यायची. जेनेटची एक सवय होती. गोष्टीत कुणीही भेटो, चोर, सरदार, भूतसुद्धा, ती त्याला आधी विचारायची, “जेवलास का?” ओंकार वैतागायचा. “जेनेट, तो आपल्याला मारायला आलाय.” “म्हणूनच विचारते. उपाशी असेल.” मी पाचवा. मी कंदील धरणारा पोऱ्या झालो होतो. महिनोन्महिने मी कंदील धरला आणि ऐकलं.

काय ऐकलं ते सांगणं कठीण आहे. एकाच गळ्यातून मृणालताई म्हातारी कोळीण बोलायची, लगेच तिचा चिडका जावई, लगेच समोरून येणारा वारा. मी उमेळ्यात केळीच्या बुंध्याला टेकून कानात इयरफोन घालून बसायचो आणि अंगावर काटा यायचा. वर्गातल्या याच बाई घर्षणाचे नियम सांगायच्या, यावर विश्वास बसायचा नाही.

दिवाळीनंतर तिचा आवाज बसू लागला. क्लासमध्ये दिवसाचे सहा तास ओरडून शिकवणं आणि रविवारी हे. तपासणीत स्वरयंत्रावर गाठ निघाली. गाठ साधी होती, ती काढलीही. पण डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे एक शब्द नाही, कुजबूजही नाही, आणि त्यानंतर आवाज कसा येईल, किती येईल, हे आत्ता सांगता येणार नाही. मी भेटायला गेलो तेव्हा ती पांढऱ्या पाटीवर लिहून बोलत होती. तिने लिहिलं: ‘सूत्रधार गप्प झाला तर जग बंद. चौघांना कळवून टाक.’ मला स्वभावतः पुढे होऊन काही म्हणता येत नाही, पण त्या दिवशी तोंडून गेलं, “तुम्ही लिहा, मी बोलतो.” तिने लिहिलं: ‘माझ्या वह्या वाचाव्या लागतील. एकदा वाचल्यास की कंदीलवाला म्हणून परत जाता येणार नाही.’ मी हो म्हटलं. ते काय होतं हे मला तेव्हा नीट समजलं नव्हतं. खेळणाऱ्याला पुढचं माहीत नसतं, हेच त्याचं सुख असतं. ते मी त्या दुपारी सोडलं, आणि अजून मुलुखात कुणी माझ्यासमोर खेळायला बसलं की मला त्याचा थोडा हेवा वाटतो.

सात वह्या होत्या. शिवाय क्लासच्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू, आणि फोनमध्ये स्वतःलाच पाठवलेले दोनशेहून जास्त संदेश. मी ते सगळं पिशवीत घालून घरी आणलं आणि ओटीवर पसरलं. पहिले तीन दिवस मी नुसता वाचत होतो. एका बेटावर कुणी वारलं की घरातले आरसे भिंतीकडे तोंड करून ठेवतात. दुसऱ्या एका गावातल्या शाळेत अकरा मुलं, त्यातलं डावखुरं कोण, कुणाला पोहता येत नाही. त्या गावात आम्ही कधी गेलोच नव्हतो. मी तसा संदेश टाकला: ताई, इथे तर कुणी गेलंच नाही. तिचं उत्तर आलं: ‘गेला असतात तर?’ मी फोन खाली ठेवला. समोर बाबा पाटाचं पाणी वळवत होते. ज्या दारातून कुणी येणार नाही त्या दारामागचं घर या बाईने झाडून-पुसून ठेवलं होतं, आणि गेली दोन वर्षं मी त्या दारावरून कंदील घेऊन चालत गेलो होतो असं मला वाटलं. खरं तर मी जेमतेम सहा महिने होतो. पण वाटलं तसं.

मग मी वह्या लावायला घेतल्या, आणि मला एकच पद्धत माहीत होती. आमच्यासारख्या मुलांना शाळेने एक गोष्ट पक्की शिकवलेली असते: कच्ची वही आणि पक्की वही. कच्चीत खाडाखोड चालते, पक्कीत नाही. पक्की वही म्हणजे लाल शाईने मथळे, खाली दुहेरी रेघ, पुढे अनुक्रमणिका, आणि एका प्रश्नाला एकच उत्तर. मी तसंच केलं, फक्त लॅपटॉपवर. माणसं वर्णानुक्रमे, जागा वर्णानुक्रमे, घटना क्रमाने. खाडाखोड काढून टाकली. आणि जिथे दोन वह्यांत दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या सापडल्या, तिथे मी विचार करून बरोबर कुठली ते ठरवलं आणि दुसरी पुसली. ताई थकलेली होती, गोळ्या चालू होत्या. इतक्या पसाऱ्यात चुका व्हायच्याच, असं मला वाटलं. तिच्या चुका तिला न सांगता दुरुस्त कराव्यात, यात मला प्रेमच वाटत होतं.

धाकू नावाड्याचं असं झालं. दुसऱ्या वहीत लिहिलं होतं: धाकूचा भाऊ सोमा बुडाला, धाकूने डोळ्यांनी पाहिलं. सहाव्या वहीत: धाकू रोज संध्याकाळी दोन माणसांच्या भाकरी घेऊन होडी काढतो, दीपस्तंभाकडे. मी अडकलो. आई शेजारी जवळा निवडत बसली होती. बाबांनी येता येता पडद्यावर बघितलं. “परीक्षेला हाय का ह्ये?”

“नाही.”

“मग हा धाकू कुठला? उमेळ्याचा नाय.”

“खोटा आहे बाबा तो. गोष्टीतला.”

“खोट्या मानसासाठी एवढा अभ्यास,” असं म्हणून ते पाय धुवायला गेले. मी आईला दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. ती जवळ्यातला कचरा बाजूला काढत म्हणाली, “भाऊ जिवंत हाय. दीपस्तंभात बसलाय लपून. मेलेल्याला कोन रोज भाकर नेतं?” इतकं स्वच्छ होतं ते. मी दुसऱ्या वहीतलं बुडणं पुसून टाकलं आणि लिहिलं: धाकू, नावाडी. घरी भाऊ सोमा, मुक्काम दीपस्तंभ. ताईला मी सगळी फाइल पाठवली. तिने वरवर पाहून हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आतलं तिने वाचलं नव्हतं, कारण आतलं तिचंच होतं.

रविवारी दुपारी आम्ही विरारला तिच्या हॉलमध्ये बसलो. काकूंनी, म्हणजे तिच्या आईने, पंखा बंद केला, माइकमध्ये घरघर येते म्हणून. ताई माझ्या शेजारी बसून टाइप करणार, मी वाचून बोलणार. माझा आवाज कापत होता. ओंकार म्हणाला, “कल्पेश, बिनधास्त बोल, आम्ही काय खाणार नाही तुला.” मी वारा बोललो, धुकं बोललो. मग ते घाटावर आले, होडीत बसले, आणि जेनेटने, जी आजवर होडीच्या प्रत्येक प्रसंगी ड्यूटीवर असल्याने धाकूला पहिल्यांदाच भेटत होती, आपल्या सवयीने विचारलं, “काय धाकू, जेवलास का? घरी कोण कोण असतं तुझ्या?”

ताईची बोटं चालू झाली होती. पण मला उत्तर माहीत होतं. ध, धाकू, पान चौऱ्याऐंशी. मी आनंदाने म्हटलं, “जेवायचंय अजून, बाई. घरी मी आणि माझा भाऊ सोमा. तो दीपस्तंभात असतो.”

पुण्याच्या माइकवर कुणाच्या तरी हातातला चमचा पडला. मग ओंकार अगदी हळू म्हणाला, “एक मिनिट. सोमा बुडाला होता. पहिल्या वर्षी. मी त्याच्या बाराव्याला जेवलोय.”

मी ताईकडे पाहिलं. तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते. ती बोलू शकत नव्हती, आणि बोलू शकली असती तरी आता काय बोलणार होती. मला त्या क्षणी कळलं: त्या दोन ओळी चूक नव्हत्या. धाकू खोटं बोलत होता. अडीच वर्षं, प्रत्येकाशी. दिवा कोण विझवतं हे तिने एकाही वहीत लिहिलं नव्हतं; तो सोमा होता आणि सगळा मुलुख त्या एका खोट्यावर उभा होता, आणि मी ते खोटं शुद्धलेखनाच्या चुकीसारखं खोडून टाकलं होतं. मला वाटलं, मी जग बंद केलं. तिचा आवाज येईपर्यंत उघडं धरायचं होतं, तेवढंही मला जमलं नाही.

मी “सॉरी, चुकून” असं म्हणायला तोंड उघडलं, तर ताईने माझं मनगट धरलं. घट्ट. दुसऱ्या हाताने तिने एका बोटाने टाइप केलं. तिची ती ओळ मला तशीच्या तशी आठवते: ‘तू चुकला नाहीस. धाकू खरं बोलला. आज का बोलला ते त्याला विचार.’

कुणाला विचारू? धाकू कुठे होता? मग मला जाणवलं की तो माझ्याच तोंडात आहे. आणि ओंकारच्या अडीच वर्षांच्या टिपणांत, ताईच्या सातही वह्यांत, धाकूला लोकांनी काय काय विचारलं होतं ते माझ्या डोळ्यांपुढून गेलं. वाट विचारली होती, भाडं, धुक्याचा अंदाज, सोमा कसा बुडाला. मी बोललो तेव्हा माझा आवाज कापत नव्हता. “बाई, इतकी वर्षं होडी हाकतो. जेवलास का म्हणून आज पहिल्यांदा कुणी विचारलं. दोन मान्सांच्या भाकऱ्या रोज बांधतो मी. कुणाला तरी सांगायचंच होतं.”

मी उमेळ्यातल्यासारखं बोललो होतो. कॉलेजात मी तसं बोलणं कधीच सोडून दिलं होतं. जेनेटकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “चल मग. दोघांना जेवायला वाढू.” आणि ते पाचही जण, म्हणजे चौघे आणि माझा आता कुणीच न धरलेला कंदील, दीपस्तंभाकडे निघाले.

खेळ संपल्यावर मी ताईला आईचं सांगितलं, जवळा निवडता निवडता तिने अडीच वर्षांचं कोडं कसं सोडवलं ते. ताई आवाज न करता हसली, इतकी की काकू धावत आल्या. मग तिने माझी पक्की वही उघडली आणि पुढचे चार रविवार सकाळी आम्ही ती मोडली. वर्णानुक्रम गेला. आता प्रत्येक माणसाला एक पान, आणि पानावर पहिली ओळ: याला काय हवंय. दुसरी: कशाला घाबरतो. तिसरी: कुणाशी काय खोटं बोलतो. नाव, गाव, दिसणं सगळं खाली. तिने लिहून समजावलं, ‘समोरचा काय विचारेल ते आपल्याला कधीच माहीत नसतं. हे तीन माहीत असले की उत्तर शोधावं लागत नाही.’ खाडाखोडही ठेवली, फिकट अक्षरात. मी आज एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मोठमोठ्या ग्रंथांवर टिपणं काढतो, आणि अजूनही दोन विधानं जुळली नाहीत की आधी विचारतो, यात कोण काय लपवतंय. सर त्याचं कौतुक करतात. हे मी कुठे शिकलो ते त्यांना सांगायचा धीर झालेला नाही.

सहा आठवडे झाले. ताईने डॉक्टरांसमोर तोंड उघडलं तेव्हा फक्त हवा आली. त्यांनी आणखी तीन आठवडे गप्प राहायला सांगितलं, मग व्यायाम, आणि तरीही नाही आला तर पुन्हा बघू म्हणाले. त्या रविवारी तिने माझ्यासाठी पाटीवर लिहून ठेवलं होतं: ‘नाही आला तर मुलुख तुझा. वह्या परत करू नकोस.’ कुणाला वाटेल मला आनंद झाला असेल. मला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती. ते घर तिने झाडलेलं होतं. मी दारात उभा राहू शकत होतो, कुणी आलं तर पाणी देऊ शकत होतो. मालक म्हणून त्यात बसणं मला जमणार नव्हतं. मी पाटी पुसली आणि लिहिलं, ‘मी फक्त बोलतो.’ बोलता येत असूनही मी लिहिलं. का, ते मला माहीत नाही.

ते तीन आठवडे मी रोज सकाळी फोन बघायचो. आई विचारायची, “बोलली का ती?” बाबाही विचारू लागले, फक्त त्यांच्या पद्धतीने: “तुझ्या त्या धाकूचं काय झालं?” दीपस्तंभात सोमा सापडला होता. तो दिवा का विझवायचा हे सांगायला तो तयार होता, पण मी ते पुढे ढकलत होतो. प्रत्येक रविवारी मी धुकं आणायचो, वादळ आणायचो, एकदा तर नुसतं जेवण दोन तास चालवलं. ओंकारने ओळखलं होतं. तो एवढंच म्हणाला, “हवा खराब आहे बाबा हल्ली मुलुखात,” आणि जेनेटने त्याला गप्प केलं. सोमाचा आवाज मी ठेवून दिला होता. तो तिने काढायचा होता.

एका मंगळवारी मी विहिरीपाशी चाफ्याच्या टोपल्या धूत होतो. काकूंचा फोन आला. काकू कधी मला फोन करत नसत, म्हणून ओल्या हातानेच घेतला. त्या म्हणाल्या, “कल्पेश, बोलली रे ती. आत्ता, स्वयंपाकघरात. मी चहा पुढे केला तर म्हणाली, आई, साखरच घातली नाहीस.”

मी विचारलं, आवाज कसा आहे.

“दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो,” काकू म्हणाल्या. “पण होईल सवय.”